ऱ्युक्यू भाषा: जपानीच्या बोली, सहा भाषा की अकरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानी शिकता शिकता ओकिनावाबद्दल वाचायला घेतलं, तर एका जुन्या पुस्तकात तिथली भाषा ‘जपानीची बोली’ निघाली, युनेस्कोच्या यादीत सहा वेगळ्या भाषा निघाल्या आणि एथ्नोलॉग या जगभरच्या भाषांच्या सूचीत अकरा. यातलं बरोबर कोणतं, हे ठरवतं कोण, आणि वर्गात सादर करायच्या तक्त्यात काय लिहावं? (ऱ्युक्यू म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू या मोठ्या बेटापासून तैवानकडे जाणारी बेटांची साखळी. उत्तरेकडून अमामी, ओकिनावा, मियाको, याएयामा आणि टोकाला योनागुनी.)

माझं काम तुलनात्मक भाषाविज्ञानातलं. जपानी-ऱ्युक्यू कुळाच्या शब्दयाद्या बरीच वर्षं हाताखालून जात आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तुम्हाला हा एक प्रश्न वाटतोय, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ऱ्युक्यू भाषा जपानीच्या पोटातून निघाल्या की तिच्या शेजारी वाढल्या, हा पहिला. त्यांच्या आपापसातल्या फांद्या कुठे फुटतात, हा दुसरा. आणि त्या फांद्यांवर कुठे कात्री लावून ‘ही एक भाषा, ही दुसरी’ म्हणायचं, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांना पुरावा लागू पडतो. तिसऱ्याला पुरावा पुरत नाही, तिथे तुमचा हेतू काय आहे ते बघावं लागतं. तुमच्या तीन पुस्तकांचं भांडण बरंचसं या तिसऱ्या प्रश्नावर आहे, आणि ती ते पहिल्याच्या भाषेत भांडतायत.

आधी पहिला प्रश्न, कारण तो बऱ्यापैकी निकालात निघालाय. बेझिल हॉल चेंबरलेन या इंग्रज अभ्यासकाने 1895 मध्येच ओकिनावाच्या भाषेचं व्याकरण लिहून दाखवलं होतं की तिचं जपानीशी नातं आहे, पण ते रोमान्स भाषांचं (फ्रेंच, इटालियन वगैरे) एकमेकींशी असतं तशा बहिणीबहिणींचं. पुढे जपानमध्ये तोजो मिसाओ यांनी 1927 मध्ये बोलींचे विभाग पाडले, तेव्हा मुख्य भूमीवरच्या बोली एका बाजूला आणि ऱ्युक्यू बोली दुसऱ्या बाजूला ठेवल्या. बारकाईने पाहिलं तर दोघांच्या आकृतीत पहिली फूट एकाच जागी आहे. फक्त चेंबरलेन त्याला दोन भाषा म्हणतात आणि तोजो एकाच राष्ट्रभाषेचे दोन बोलीगट. तुमच्या पुस्तकातला ‘बोली’ हा शब्द या दुसऱ्या परंपरेतून आलाय. 1879 मध्ये ऱ्युक्यूचं राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत केल्यानंतर शाळांतून प्रमाण जपानी लादली गेली, बोलीत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची शिक्षा होती. ‘बोली’ या शब्दाला ही पार्श्वभूमी आहे. मात्र ती सांगितल्याने वर्गीकरण सिद्ध होत नाही. तिथे ध्वनीच बघावे लागतात.

मग ध्वनी काय सांगतात? जपानी लेखी पुरावा भरपूर मिळतो तो आठव्या शतकापासून, नारा काळातला. त्या भाषेत काही जुने स्वर आधीच एकमेकांत मिसळून गेले होते: कित्येक शब्दांत मूळचा ‘ए’ हा ‘इ’ झाला होता आणि ‘ओ’ हा ‘उ’. ऱ्युक्यू भाषांमध्ये मात्र या जोड्यांच्या वेगळेपणाच्या खुणा शिल्लक आहेत. एकदा मिसळलेले स्वर पुन्हा अचूक वेगळे होत नाहीत, कुठल्या शब्दात कोणता होता हे बोलणाऱ्याला कसं कळणार? म्हणजे ऱ्युक्यू भाषा नारा काळच्या जपानीतून निघालेल्या असू शकत नाहीत. फूट त्याच्या आधीची. मला पहिल्या प्रश्नावर एकच मुद्दा मांडायची परवानगी असेल, तर मी हाच मांडतो.

आता जवळून एक उदाहरण बघू, म्हणजे आम्ही प्रत्यक्षात काय करतो ते कळेल. प्रमाण जपानीतला ‘कोकोरो’ (मन) शुरीच्या, म्हणजे ऱ्युक्यू राज्याच्या जुन्या राजधानीच्या, ओकिनावनमध्ये ‘कुकुरु’ होतो आणि ‘आमे’ (पाऊस) ‘आमी’ होतो. म्हणजे शुरीत ‘ए’चा ‘इ’ आणि ‘ओ’चा ‘उ’ झालाय. शिवाय ‘की’चा ‘ची’ होतो: ‘किमो’ (काळीज) तिथे ‘चिमु’ (हा ‘च’ चहातला). आता दोन शब्द शेजारी ठेवा. जपानी ‘साके’ (दारू) शुरीत ‘साकी’ आहे. जपानी ‘साकी’ (टोक, पुढचा भाग) शुरीत ‘साची’ आहे. ‘की’चा ‘ची’ होत असेल तर दारूचा ‘साकी’ का वाचला? कारण ज्या काळात ‘की’चा ‘ची’ होत होता, त्या काळात दारू अजून ‘साके’च होती. तो बदल आटोपला आणि मग ‘ए’चा ‘इ’ झाला. दोन शब्दांत बदलांचा क्रम हाती आला. असे क्रम गावोगावचे काढायचे आणि ते कुठे जुळतात, कुठे फाटतात ते बघायचं. आमच्या कामाचा मोठा भाग हाच, आणि तो बराच रटाळ असतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, फांद्यांच्या. इथे एक नियम पक्का धरावा लागतो, आणि नवखे लोक नेमके तिथेच घसरतात. दोन बोली सारख्या दिसतात म्हणून त्या एका फांदीवरच्या ठरत नाहीत. सारखेपणा दोन तऱ्हांनी येतो. दोघींनीही जुनं तसंच ठेवलं म्हणून, किंवा दोघींनी मिळून काही नवं केलं म्हणून. फांदी सिद्ध होते ती या दुसऱ्या तऱ्हेने.

‘हाना’ (फूल) हा शब्द घ्या. आजच्या जपानीत ‘ह’, पण फार पूर्वी तिथे ‘प’ होता, मग ‘फ’सारखा ध्वनी झाला. 1603 च्या सुमाराला पोर्तुगीज मिशनऱ्यांनी केलेल्या जपानी कोशात तो ‘फ’नेच लिहिलाय. मियाकोत आजही फूल ‘पाना’ आहे. उत्तर ओकिनावातल्या नाकिजिनलाही ‘प’ ऐकू येतो. शुरीत ‘हाना’, आणि पार पश्चिम टोकाला योनागुनीतही ‘हाना’. ‘प’वाले एका गटात आणि ‘ह’वाले दुसऱ्या असं केलंत, तर मियाको आणि नाकिजिन एका घरात जातील, शुरी आणि योनागुनी दुसऱ्या. हे साफ चूक. ‘प’ ही जुनी मिळकत आहे, ती ज्याने सांभाळली त्याच्याकडे राहिली, आणि ‘प’चा ‘ह’ होणं ही इतकी सोपी गोष्ट आहे की ती स्वतंत्रपणे कितीदाही घडू शकते. पर्यटकांच्या पुस्तिकांतून ‘मियाकोत प्राचीन प टिकलाय’ हे कौतुकाने सांगतात. ते खरंच आहे, पण वर्गीकरणाला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

याउलट ‘व’चा ‘ब’ बघा. शुरीत पोटाला ‘वाता’ म्हणतात, मियाकोत ‘बाता’. शुरीत ‘मी’ म्हणजे ‘वान’, तर मियाको आणि याएयामा या दोन्हीकडे त्याची सुरुवात ‘बा’ने होते. हा बदल दक्षिणेच्या बेटांवर सरसकट झालाय आणि उत्तरेत नाही. काही जुन्या अभ्यासकांना ‘ब’च मूळचा वाटायचा. आज बहुतेक जण त्याला नवा बदल मानतात. म्हणून दक्षिण ऱ्युक्यू ही फांदी भक्कम आहे: मियाको, याएयामा, योनागुनी. भूगोलही त्याला धरून आहे. ओकिनावाचं मोठं बेट आणि मियाको यांच्यामध्ये जवळपास 300 किलोमीटरचा समुद्र आहे. ऱ्युक्यूच्या साखळीतली ही सर्वांत मोठी खिंड.

आता योनागुनीची गंमत. कानाला ही भाषा बाकी सगळ्यांपेक्षा परकी वाटते. तिथे ‘य’चा ‘द’ झालाय, ‘यामा’ (डोंगर) चा ‘दामा’. कुणाला वाटेल ‘द’च जुना असावा, पण ‘यासाई’ (भाजी) हा चिनी मुळाचा, बाहेरून आलेला शब्दही तिथे ‘दासाई’ झालाय, तेव्हा ‘द’ नंतरचाच. हे बेट याएयामातल्या इशिगाकी बेटापेक्षा तैवानला जवळ आहे, आणि शब्द इतके आक्रसलेत की शेजारच्या याएयामाच्या माणसालाही कळत नाहीत. पण नव्याने घडलेल्या गोष्टींची यादी केली तर योनागुनी याएयामाच्या बाजूने उभी राहते. ‘जाणणे’ या क्रियापदापासून ‘शकणे’ अर्थाचं साहाय्यक क्रियापद दोघींनी बनवलंय, आणि ‘पुतण्या-भाचा’ या अर्थाचा शब्द दोघींनी पुतणी-भाचीसाठीही वापरायला घेतलाय. असं नेमकं आणि विचित्र नवेपण दोन ठिकाणी आपोआप उगवत नाही. म्हणून थॉमस पेलार यांच्यासारखे अभ्यासक याएयामा आणि योनागुनी यांना एकत्र धरून ‘बृहद्-याएयामा’ म्हणतात. कुळाच्या झाडात ती याएयामाची सख्खी बहीण. बोलीच्या समजण्या-न समजण्यात मात्र वेगळी भाषा. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि एकमेकांच्या आड येत नाहीत.

भूगोलावर आंधळेपणाने विसंबू नये याचं माझं आवडतं उदाहरण शिराहो. हे गाव इशिगाकी बेटावर आहे. 1771 च्या प्रचंड त्सुनामीत ते जवळजवळ बुडालं आणि राज्याने हातेरुमा बेटावरून माणसं आणून पुन्हा वसवलं. शिराहोची बोली आजही शेजारच्या इशिगाकी शहरापेक्षा समुद्रापलीकडच्या हातेरुमाला जवळची आहे. नकाशावर रंग भरणाऱ्याला हे गाव डोकेदुखी वाटतं. आम्हाला मात्र इथे तारखेसकट प्रयोग करून मिळालाय.

मियाकोबद्दल एकच सांगून पुढे जातो, नाहीतर मी इथेच अडकेन. ओगामी नावाच्या चिमुकल्या बेटावर असे शब्द आहेत ज्यांत एकही घोष ध्वनी नाही, म्हणजे शब्दभर गळ्यात कंप नाही. ‘ओढणे’ म्हणजे ‘प्स्क्स’. स्वर शोधू नका, नाहीये. देवनागरीत लिहितानाही हात अडखळतो.

उत्तरेत चित्र इतकं स्वच्छ नाही. अमामी, कुनिगामी (ओकिनावा बेटाचा उत्तर भाग) आणि ओकिनावा अशी तीन नावं युनेस्को देतं. एथ्नोलॉग तिथेच आठ करतं: किकाई, अमामी-ओशिमाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन, तोकुनोशिमा, ओकिनोएराबु, योरोन, कुनिगामी आणि मध्य ओकिनावन. दक्षिणेत दोघांचाही आकडा तीनच आहे. म्हणजे तुमचा सहा आणि अकराचा सगळा फरक उत्तरेतला. याचं कारण तिथली बेटं एकमेकांच्या जवळ, होड्यांची ये-जा सतत, आणि वर शुरीच्या दरबाराचं वजन. एका ठिकाणी सुरू झालेला बदल शेजारी पसरतो, पुढच्या बेटावर अर्धवट पोचतो, त्यापुढे थांबतो. प्रत्येक बदलाची रेघ वेगळ्या जागी पडते. अशा ठिकाणी झाडाची आकृती फार ताणावी लागते.

त्यातही ओकिनोएराबु आणि योरोन यांचं काय करायचं हा खरा वाद. 1609 मध्ये सात्सुमाने (क्यूशूच्या दक्षिणेकडच्या सरदारी राज्याने) ऱ्युक्यूवर स्वारी केली आणि योरोनपर्यंतची सगळी बेटं शुरीकडून काढून घेतली. ती आजही कागोशिमा प्रांतात आहेत. अमेरिकेच्या ताब्यातून ती 1953 मध्ये परत आली, ओकिनावा 1972 मध्ये. त्यामुळे ‘अमामीच्या बेटांची भाषा ती अमामी’ असं प्रशासकीय मन सांगतं. युनेस्कोने मात्र ही दोन बेटं उत्तर ओकिनावाबरोबर कुनिगामीत घातली, म्हणजे भाषेची सीमा प्रांताच्या सीमेला ओलांडून जाते. काही अभ्यासक ती अमामीत ठेवतात, एथ्नोलॉग दोघींना वेगवेगळं ठेवतं. मी स्वतः याद्यांवर काम करताना ‘कुनिगामी’ हे नाव गटासाठी वापरतच नाही, बेटाचं किंवा गावाचं नाव लिहितो. ते नाव सोयीचं आहे, पण सगळ्या कुनिगामीला एकत्र बांधणारं, इतरत्र न आढळणारं नवेपण मला समाधानकारक वाटावं इतकं दिसत नाही.

उत्तरेच्या एकीचा पुरावा म्हणून क्रियापदांची रूपं दाखवतात. शुरीतलं ‘काचुन’ (लिहितो) हे ‘लिहून’ अर्थाच्या रूपाला ‘असणे’ जोडून बनलंय, अमामीतही त्याच घडणीची रूपं आहेत, मियाकोत नाहीत. मुद्दा चांगला आहे, पण पश्चिम जपानच्या बोलींतही ‘काकियोरु’ अशी तशीच जोडणी आहे. ‘असणे’ जोडून काळ बनवणं ही जगभर चालणारी वाट, त्यामुळे या पुराव्याला मी निम्मेच गुण देतो.

मग संगणकाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. ली आणि हासेगावा यांनी 2011 मध्ये 59 बोली आणि 210 मूलभूत शब्द घेऊन संख्याशास्त्रीय झाड काढलं, आणि कुळाचं मूळ सुमारे 2200 वर्षांपूर्वीचं आलं. उपयोगी काम आहे. पण अशा पद्धतीत उसने शब्द नीट गाळले नाहीत तर झाड चुपचाप वाकतं. शुरीचा शब्द मियाकोत गेला किंवा प्रमाण जपानीचा सगळीकडे शिरला, की दोघी जवळच्या नातेवाईक दिसू लागतात. शब्द मोजणं सोपं. एकेका शब्दाची कुळकथा तपासणं अवघड. माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि हा कल आहे हे तुम्ही लक्षात ठेवून वाचा.

पहिला प्रश्न ‘बऱ्यापैकी’ निकालात निघालाय असं मी म्हटलं, पूर्ण नाही. त्याचं कारण क्यूशू. इगाराशी योसुके आणि आणखी काहींचं म्हणणं असं की ऱ्युक्यू भाषा आणि क्यूशूच्या बोली यांच्यात इतरत्र नसलेले नवे बदल आहेत, तेव्हा त्या दोघी मिळून एक दक्षिणी शाखा. हे मान्य झालं तर पहिली फूट ‘जपानी विरुद्ध ऱ्युक्यू’ अशी राहणारच नाही. ऱ्युक्यू वगळून उरलेली ‘जपानी’ हाच कुळशास्त्राच्या दृष्टीने अर्धवट गट ठरेल. पुरातत्त्वाशी याचं जमतं. शेती करणारे लोक क्यूशूकडून या बेटांवर मोठ्या प्रमाणात आले ते साधारण अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास, गुसुकु काळाच्या (ओकिनावातल्या किल्ल्यांच्या काळाच्या) सुरुवातीला. भाषा मात्र त्याआधी कित्येक शतकं फुटलेली. म्हणजे फूट क्यूशूतच पडली आणि माणसं नंतर निघाली, असं मानायला जागा आहे. मला ही मांडणी पटण्याच्या जवळ आलीय, पण क्यूशू आणि बेटं यांच्यात नंतरही व्यवहार चालू होता, त्यामुळे वारसा कोणता आणि शेजाराचा संसर्ग कोणता हे प्रत्येक मुद्द्यावर वेगळं सोडवावं लागेल.

उरला तिसरा प्रश्न, कात्रीचा. शुरीचा म्हातारा आणि मियाकोचा म्हातारा आपापल्या भाषेत बोलले तर एकमेकांना कळत नाहीत, आणि टोकियोच्या माणसाला दोघेही कळत नाहीत. समजण्याचा निकष लावला तर ‘बोली’ हा शब्द टिकत नाही. पण तोच निकष काटेकोरपणे लावत गेलात तर अकरावरही थांबता येणार नाही, एकेका बेटावर दोन-दोन कराव्या लागतील. आपल्याकडे ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने 1905 च्या खंडात कोकणी मराठीची बोली म्हणून छापली आणि 1975 मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं. मधल्या सत्तर वर्षांत कोकणीच्या ध्वनींमध्ये तसं काही घडलं नव्हतं. ऱ्युक्यूतही शब्दांची लढाई चालू आहे: युनेस्कोने 2009 मध्ये सहाही भाषा संकटग्रस्त म्हणून नोंदवल्या, त्यात याएयामा आणि योनागुनी जास्त गंभीर, आणि जपान सरकारचं सांस्कृतिक खातं तेव्हापासून ‘भाषा/बोली’ असं दोन्ही एकत्र लिहून मोकळं होतं. ओकिनावा प्रांताने 2006 पासून 18 सप्टेंबर हा ‘शिमाकुतुबा’ (बेटांची भाषा) दिवस ठेवलाय. त्या नावाखाली बऱ्याचदा शुरी-नाहाची, म्हणजे राजधानीच्या परिसराची, भाषा पुढे येते आणि मियाकोचे लोक कुरकुरतात, जे रास्तच आहे.

आता तुमचा तक्ता. मुळाशी ‘जपानी’ लिहू नका, ‘जपानी-ऱ्युक्यू’ किंवा ‘जपोनिक’ लिहा. त्याखाली जपानी, हाचिजो (टोकियोच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची वेगळी भाषा) आणि ऱ्युक्यू दाखवा, आणि क्यूशूच्या बोलींपासून ऱ्युक्यूकडे एक तुटक रेघ काढून प्रश्नचिन्ह ठेवा. दक्षिण ऱ्युक्यू ठळक रेघेने: एकीकडे मियाको, दुसरीकडे बृहद्-याएयामा आणि त्यात याएयामा व योनागुनी. उत्तर ऱ्युक्यू सगळी तुटक रेघेने, आणि ओकिनोएराबु-योरोन कुठल्याच चौकटीत न कोंबता अमामी आणि ओकिनावाच्या मध्ये. आकडा द्यायचाच असेल तर सहा द्या आणि शेजारी ‘युनेस्को, 2009’ असं लिहा, म्हणजे तो आकडा कुणी आणि कधी मोजला ते दिसेल. कुणी ‘पण हे बोलीच ना?’ म्हणून अडवलंच, तर ‘साके’, ‘साकी’, ‘साची’ हे तीन शब्द फळ्यावर लिहा आणि दारूचा ‘ची’ का झाला नाही ते त्यांनाच सोडवू द्या.